मानाचा हात

६ जानेवारी, सोमवार

साहेबांनी आज प्रत्येक प्रशिक्षकाला एकेक चिंतन-वही दिली. रोज चार ओळी लिहायच्या आणि महिनाअखेर त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या. म्हणजे चिंतन आमचं आणि वाचणार साहेब. त्या वहीत मी 'आज छान चर्चा झाली' एवढंच लिहिणार आहे. ही वही माझी. हिच्यात मनात येईल ते लिहीन, कुणाची भीड न ठेवता.

वर्ग आजपासून सुरू झाला. वरच्या वस्तीतल्या बालवाड्यांवर पहिल्यांदाच तिथल्याच मुलींना ताई म्हणून घेतलंय. त्यांना शिकवायचं ते हे, की तीन-चार वर्षांच्या पोरांशी त्यांच्या घरच्या भाषेत बोला. घरातली गाणी, गोष्टी, खेळ, रीतीभाती सगळं बालवाडीत येऊ द्या. आतापर्यंत काय व्हायचं, तर पोर घरून बोलकं यायचं आणि आमच्या भाषेचा मारा सुरू झाला की मुकं व्हायचं. वरची भाषा आता म्हातारी माणसंच धड बोलतात. ही पोरं बोलली नाहीत तर ती गेलीच. मला हे अगदी मनापासून पटतं. उगाच सरकारी पगार घेऊन भिंतीवर अक्षरं चिकटवत बसायचं वय गेलं माझं.

शिवाय हे काम माझ्या घरातलंच आहे. माझ्या जन्माआधी आई खालच्या वसतिशाळेत बाई होती. वरच्या वस्तीतली पोरं तिथे राहून शिकायची. ती शाळा बंद पडून जमाना झाला, पण मला ही माणसं कधी परकी वाटली नाहीत ती त्यामुळेच.

९ जानेवारी, गुरुवार

मुली चांगल्या आहेत. एक तर अशी आहे की तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू होतो तो वर्ग सुटेपर्यंत. तिचं नाव मी चिवचिव ठेवलंय आणि तिलाही ते आवडलंय. वरच्या वस्तीतली, आजीजवळ वाढलेली. वरची भाषा तिला निम्मीशिम्मी येते. 'निम्मी आजीकडून ऐकलेली आणि निम्मी आजी चिडल्यावर ऐकलेली,' असं तिचं म्हणणं.

मधल्या सुट्टीत चहा घेताना तिने काहीतरी नकला केल्या. मी हसले. ती एकदम म्हणाली, 'मॅडम, तुम्ही हसताना तोंड का झाकता हो? दात तर छान आहेत की.' बाकीच्या खिदळल्या. मी म्हटलं, 'आमच्या घरची शिस्त आहे ती. आईसमोर खदाखदा हसायची सोय नव्हती.' लहान तोंडी मोठा घास घेते पोरगी, पण राग येत नाही तिचा.

त्यांना घरचा अभ्यास दिलाय. लहान मुलांशी संबंधित एक तरी रीत घरातून शोधून आणायची. पुस्तकात नसलेली हवी.

१४ जानेवारी, मंगळवार

आज सोनं सापडलं.

चिवचिवबरोबर वरच्या वस्तीत गेले होते. तिचं घर शेवटून दुसरं. पत्र्याचं छप्पर, पुढे सारवलेली जागा, तिथे तिची आजी आणि शेजारच्या दोघी म्हाताऱ्या शेंगा सोलत बसल्या होत्या. लांबून त्यांचा कलकलाट ऐकू येत होता. मी जवळ गेले तशी आजी उठायला लागली. मी म्हटलं, 'अहो बसा, बसा. उठताय कशाला?'

ती बसली नाही. ताठ उभी राहिली, डावा हात पाठीमागे नेला, उजवा तळवा पुरता तोंडावर ठेवला आणि नजर खाली केली. मग त्या हाताआडूनच म्हणाली, 'या बाई.'

मग मी माझी ओळख सांगितली. म्हटलं, 'माझी आई वसतिशाळेत बाई होती. तुमच्यातलं कुणी होतं का तिथे?' तर त्या दुसऱ्या दोघीही उठल्या. तसाच हात तोंडावर, तशीच नजर खाली. शेंगा सगळ्या मांडीवरून खाली सांडल्या. जुन्या बाईंच्या मुलीला केवढा तो मान. मला अगदी भरून आलं.

परतताना मी चिवचिवला विचारलं, 'हे काय करतात गं?' ती म्हणाली, 'काय माहीत. आजी घरात नाही करत असं कधी.' मी तिला समजावलं, की घरात कशाला करेल, ही मोठ्या माणसासमोरची, पाहुण्यासमोरची खूण असणार. बोललेला शब्द जपून द्यायचा असा त्याचा अर्थ असावा. तिने मान डोलावली. 'असेल,' म्हणाली. आपल्याच घरातली रीत यांना दुसऱ्याने दाखवून द्यावी लागते.

१५ जानेवारी, बुधवार

जेवताना आईला सगळं सांगितलं. तिला हल्ली माझ्या कामात फारसा रस नसतो, पण आज तिने घास हातात धरून ऐकलं. मधेच विचारलं, 'कुठला हात? उजवा की डावा?'

'उजवा.'

'बरोबर,' आई म्हणाली आणि जेवू लागली.

तिला या लोकांची किती बारीक माहिती आहे. मी आणखी विचारणार होते, पण बोलता बोलता माझा आवाज चढला असावा. 'हळू बोल,' म्हणाली. सत्तरी कधीच ओलांडली, तरी शाळेतलं बाईपण गेलं नाही तिचं.

२३ जानेवारी, गुरुवार

साहेब खूश आहेत. मी सांगितलेली रीत त्यांनी लगेच उचलली. म्हणाले, 'बाकीच्या केंद्रांकडून तीच ती गाणी येतायत. हे वेगळं आहे.' त्या रीतीला नाव हवं होतं. मी 'मानाचा हात' सुचवलं.

मग वर्गात आम्ही ते पक्कं बसवलं. सकाळी मूल बालवाडीच्या दाराशी येईल. डावा हात मागे, उजवा तोंडावर, नजर खाली. हाताआडून आपलं नाव सांगेल आणि मग आत येईल. गोष्टीआधी आणि गोष्टीनंतरही तेच. मुलींनी मन लावून सराव केला. चिवचिवला एवढा वेळ गप्प उभं राहणं जमेना, म्हणून तिला सगळ्यांनी छळून घेतलं.

मी हवेत तरंगतेय हे मला कळतंय. तरंगू दे.

१० फेब्रुवारी, सोमवार

बालवाड्यांवर फेरी मारली. चिवचिवच्या बालवाडीत पोरांनी दोन आठवड्यांत मानाचा हात असा उचललाय की बघत राहावं. रांगेत उभी राहिली, इवलेसे तळवे तोंडावर, डोळे जमिनीकडे. मी फोटो काढले.

तिच्याकडे एक ठमी आहे. चार वर्षांची, गोलमटोल, वस्तीभर हिंडून सगळ्यांच्या घरच्या बातम्या सगळ्यांना सांगणारी. मागच्या खेपेला तिने मला धरून वरच्या भाषेत काय काय सुनावलं होतं, मला एक अक्षर कळलं नव्हतं. आज ठमी पण रांगेत चिडीचूप. घोड्यासारखी उधळणारी पोरगी, पण किती छान उभी होती. वर्गात एवढी शांतता की बाहेरच्या नळाचं थेंबथेंब पाणी ऐकू येत होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चिवचिवशी वाजलं थोडं. ती म्हणते, 'मॅडम, पोरं गप्प झालीत.' मी म्हटलं, गप्प नाही, ती ऐकायला शिकलीत. तर म्हणे, 'पण आपल्याला बोलायला शिकवायचंय ना? ठमी आता पाणी मागताना पण आधी हात ठेवते. मग बोलता येत नाही म्हणून मागतच नाही.'

मी तिला म्हटलं, नवी सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो. ती नेहमीसारखी उलटून बोलली नाही. तेच मला जरा लागलं. पण काही झालं तरी ही रीत तुमचीच आहे बाई, मी कुठून आणलेली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज चिवचिवच्या आजीला गोष्ट सांगायला बोलावलं होतं. वरच्या भाषेत पहिलीच गोष्ट. मी मुद्दाम गेले. पोरांना दाराशी दोन्ही बाजूंना उभं केलं होतं, आजी येताच सगळ्यांनी एकदम मानाचा हात करायचा.

आजी आली. नव्या चपला घालून, केस चापून बसवून. पोरांचे हात वर गेले. ती थबकली. एकेका पोराकडे बघत राहिली. ठमीसमोर आल्यावर तिला उभं राहवेना, तिने दाराची चौकट धरली. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. आणि ती वळून चालायला लागली. चिवचिव मागून धावली, हाका मारल्या, पण ती थांबली नाही.

गोष्ट राहिली ती राहिलीच. पण मी मनात म्हटलं, आपली हरवलेली रीत नातवंडांच्या हातात बघून म्हातारीच्या भावना अनावर झाल्या, याहून मोठी पावती कुठली? माझेही डोळे भरून आले होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाच मार्चला मोठा कार्यक्रम. जिल्ह्याहून अधिकारी येणार, सगळ्या बालवाड्यांची मुलं मानाचा हात करून दाखवणार. आणि साहेबांनी आज बॉम्ब टाकला. म्हणाले, 'तुमच्या मातोश्री वसतिशाळेत होत्या ना? त्यांचा सत्कार करू. जुनी पिढी, नवी पिढी.' आईचं कौतुक आजवर कुणी केलं नाही. घरी येऊन सांगितलं, तर थोड्या वेळाने कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. चांगले कपडे शोधत होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की असं काही झालं नाही.

जेवणं झाल्यावर आईला मोबाइलमधले फोटो दाखवले. सत्कार आहे तर काय बघणार आहोत ते कळू दे, म्हणून. तिने चष्मा पुसला, मोबाइल जवळ धरला. आणि तिचा चेहरा असा फुलला, की इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

'अगं, हे तर माझं,' ती म्हणाली.

'काय तुझं?'

'हे. हा हात. मीच बसवला होता. बघ, अजून टिकलाय.' तिने बोटाने ठमीच्या चेहऱ्यावर टकटक केलं. 'अंगठा मात्र चुकतोय हिचा. अंगठा नाकाखाली दाबून हवा, म्हणजे ओठ हलत नाहीत.'

मी म्हटलं, आई, ही त्यांची रीत आहे. मानाची.

'त्यांची कसली रीत? त्यांना रीत होती कुठे?' आई हसली. 'नवी पोरं आली की आपापसात तिकडचंच बडबडायची. मी नियम केला. तिकडचा एक शब्द निघाला, की तोंडावर हात आणि दाराशी उभं. काही विचारलं तर हाताआडून उत्तर द्यायचं. संध्याकाळपर्यंत. महिन्याभरात वर्ग असा झाला, की टाचणी पडली तर ऐकू यावी.'

मी विचारलं, पोरं केवढी होती.

'सहा, सात. काही पाच.'

'आणि संध्याकाळपर्यंत पाणी?'

'पाण्यासाठी हात काढला की बोलतात,' आई म्हणाली. ती मला समजावून सांगत होती, जशी मी मुलींना सांगते. 'बाकीच्या बाया छड्या मारायच्या. मी कधी कुणावर हात उगारला नाही. नंतर माझीच पद्धत सगळ्या वर्गांना लावली. त्यांच्या भल्याचंच होतं. नाहीतर शिकली असती का ती?'

मग तिने आणखी फोटो आहेत का विचारलं. मी पुढचा दाखवला. का दाखवला माहीत नाही. मी आईला एकामागून एक फोटो दाखवत होते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

रजा टाकली. पोरांचे फोटो काढून टाकले, तरी ती रांग डोळ्यांपुढून हलत नाही. मीच शिकवलं. पुस्तकात नाही असं काहीतरी हवं होतं मला.

शब्द जपून द्यायचा, असा अर्थ लावला होता मी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वरच्या वस्तीत एकटीच गेले. आजी घरासमोर बसली होती. मला पाहून उठली आणि हात तोंडावर. मी म्हटलं, 'आजी, पाया पडते, तो हात खाली घ्या.' ती घेईना. मग मी तिच्याकडे पाठ करून पायरीवर बसले. मी तिच्याकडे बघत राहिले तर तो हात खाली येणार नाही एवढं मला त्या क्षणी कळलं.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. मोकळा. हाताआडचा नव्हे. एवढा भरदार आवाज आहे तिचा, मी पहिल्यांदा ऐकला.

'मी काही मुद्दाम करत नाही,' ती म्हणाली. 'तू त्या दिवशी आलीस आणि म्हणालीस, बसा, बसा. आवाज तोच. बाईंचाच. मला कळायच्या आत हात गेला वर. लग्न झालं, पोरं झाली, नवरा गेला, तेव्हा कुठे कधी गेला नव्हता. तू आलीस आणि गेला.'

म्हणजे पाहुण्यांसमोर नाही. मोठ्या माणसांसमोर नाही. फक्त माझ्यासमोर.

मी विचारलं, तुम्ही नातीला का नाही सांगितलं? ती म्हणाली, 'काय सांगू? मी आईच्या भाषेत बोलले म्हणून मला कुत्र्यासारखं दाराशी उभं केलं, हे सांगू? मी तिच्या बापालासुद्धा नाही सांगितलं. त्याच्याशी आमची भाषा बोलले नाही, बस. नात मला म्हणाली, आजी, ही आपली जुनी रीत आहे, मॅडमनी शोधलीय. एवढी आनंदात होती. मी कुठल्या तोंडाने सांगू?'

मी रडत होते. ती माझ्या पाठीमागे बसून शेंगा सोलायला लागली. रडू नको असं ती म्हणाली नाही, आणि ते बरंच झालं.

निघताना मी म्हटलं, सोमवारी बालवाडीत या. गोष्ट सांगायला नाही. नुसत्या या. पोरांच्या तोंडावरचे हात कसे काढायचे मला माहीत नाही. ती शेंगाच सोलत राहिली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलींना परत वर्गात बोलावून सगळं सांगितलं. आईचंही सांगितलं, लपवून काय करू. एका मुलीने आपला हात बघितला, दोन्ही बाजूंनी, आणि पदराला पुसला.

चिवचिव उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. 'आजी घरात नाही करत असं मी सांगितलं होतं तुम्हाला,' ती म्हणाली. 'तुम्ही मला माझ्या आजीबद्दल समजावून दिलंत.' खरंच, सांगितलं होतं तिने. मी मान खाली घातली. ती पुढे म्हणाली, 'आणि मी ऐकलं. मी पोरांचे हात धरून त्यांच्या तोंडावर ठेवले. माझ्या हाताने.' मग ती बाहेर निघून गेली. दिवसभर वर्गात कोणी बोललं नाही. मी जी शांतता बघून खूश झाले होते ती हीच.

साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. 'पण आता मुलांना येतंय ना छान?' म्हणाले. 'मूळ कुठलं का असेना. दिसायला गोड आहे. अधिकाऱ्यांना कोण सांगायला जातंय?' वीस वर्षं या माणसाखाली काम केलं. म्हटलं, साहेब, पाच तारखेला एकाही पोराने तोंडावर हात ठेवला तर मी तिथे माइक घेऊन सगळं सांगेन. ते घाबरले. 'बरं बरं, गाणं घ्या मग. पण सत्काराची आमंत्रणं गेलीत. ते तुमचं तुम्ही बघा.'

३ मार्च, सोमवार

मुलं आपण शिकवलेलं एवढ्या पटकन विसरत नाहीत. सकाळी चिवचिवने सांगितलं, आजपासून हात नाही, खुशाल ओरडत आत या. काही आली. काही घुटमळली. ठमी मात्र दाराशी ताठ. डावा हात मागे, उजवा तोंडावर. चिवचिवने हळूच तो हात धरून खाली आणला. सोडला की परत वर. 'ताई रागावेल,' हाताआडून असंच काहीतरी म्हणाली. चिवचिव रागावणारी ताई आहे असं त्या पोरीला वाटावं, हे ऐकून चिवचिवलाच रडू आलं.

मी कोपऱ्यात उभी होते. माझं तोंड काळं झालं होतं म्हणा, दुसरं काय.

तेवढ्यात आजी आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर बसली, ठमीच्या समोर. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि हात उठला. मी बाहेर जायला निघाले. तिने दुसऱ्या हाताने मला खूण केली, थांब. म्हणून मी थांबले.

एकीकडे चार वर्षांची, समोर पासष्ट वर्षांची, दोघींचे तळवे तोंडावर. आजी ठमीकडे बघत होती, मग माझ्याकडे, परत ठमीकडे. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. एखादं जड भांडं खाली ठेवावं तसा तिने तो हात खाली आणला. माझ्यासमोर. आणि त्याच हाताने ठमीचा हात धरून आपल्या मांडीवर ठेवला. आपल्या भाषेत तिला काहीतरी विचारलं.

ठमी तिच्या उघड्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग मोठ्याने, वस्तीभर बातम्या सांगायच्या आवाजात, काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. चिवचिव रडता रडता फिस्सकन हसली. मी तिच्याकडे बघितलं.

'आजी, तुझे पुढचे दात कुठे गेले, असं विचारतेय ती,' चिवचिव म्हणाली.

आजी एवढी हसली की तिला ठसका लागला. तोंड उघडं टाकून, बिनदातांची, ठमीला पोटाशी धरून. मग पोरं भोवती जमली आणि कुठले दात, कधी पडले, उंदराने नेले का, असा सगळ्यांचा एकच गलका उडाला. निम्मा वरच्या भाषेत, निम्मा आमच्या. आजी एकेकाला उत्तर देत होती. नळाचं पाणी ऐकू येणं तर सोडाच, मला माझंही काही ऐकू येत नव्हतं.

घरी आले तर आईने सत्काराचे कपडे इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवले होते. केसही धुतले होते. 'परवा किती वाजता निघायचं?' तिने विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बघते तर माझा उजवा हात वर निघाला होता. हसताना जातो, आईशी बोलताना जातो, जन्मभर जातोय, मी कधी बघितलंच नव्हतं. कुणी दाराशी उभं केल्याचं मला आठवत नाही. विचारायचं धाडस आज तरी नाही.

मी पलंगावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. म्हटलं, आई, तुझा सत्कार मी होऊ देणार नाही. मी तिला आजीचं सांगितलं. पाण्याचं सांगितलं. ठमीचं सांगितलं. तू छडी मारली असतीस तर वळ गेले असते, हेही सांगितलं. तिचा चेहरा उतरत गेला. एवढी म्हातारी ती मला कधी दिसली नव्हती. ती माझी आई आहे आणि तिने धुतलेले केस अजून ओले होते.

'हळू बोल,' आई म्हणाली. 'शेजारी ऐकतील.'

मी हळू बोलले नाही.